एका अक्षराचा निवाडा

वूहानच्या हुबेई प्रांतिक संग्रहालयात कांस्याच्या पासष्ट घंटांचा एक संच आहे. भल्या थोरल्या चौकटीला तीन ओळींत टांगलेल्या या घंटा १९७८ मध्ये स्वेचौजवळच्या एका थडग्यातून निघाल्या. थडगे त्संग नावाच्या लहानशा राज्याच्या अधिपतीचे. त्याचे नाव यी. चौसष्ट घंटा त्याच्या घरच्या. पासष्टावी खालच्या ओळीत मधोमध टांगलेली आहे. ती शेजारच्या बलाढ्य छू राज्याकडून आलेली भेट. तिच्यावर एकतीस अक्षरे आहेत. राजाच्या कारकिर्दीच्या छप्पन्नाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ४३३ मध्ये, छूच्या राजाने त्संगच्या हौसाठी ती घडवली, असा त्यांचा आशय. देणारा ‘वांग’, म्हणजे राजा. घेणारा ‘हौ’, म्हणजे राजापेक्षा खालचा सरदार. वर्षाची मोजणीही छूच्या राजाच्या गादीपासूनची. ज्याला साऱ्या चीनचा एकमेव राजा म्हणत, त्या चौ घराण्याच्या सम्राटाचा त्या घंटेवर मागमूस नाही.

आता दुसरी नोंद पाहा. याच दात्याचे वडील इ.स.पू. ४८९ मध्ये मोहिमेवर असताना वारले. ती बातमी शेकडो मैलांवर, आजच्या शानतुंग प्रांतातल्या लू राज्याच्या दप्तरात पोहोचली. तिथल्या लेखनिकाने महिना, दिवस आणि नाव नीट लिहिले, पण पदवी लिहिली ‘छूचा त्झू’. पाच पदव्यांच्या उतरंडीत त्झू चौथी. ज्या घराण्याने दोनशेहून अधिक वर्षे स्वतःला राजे म्हणवले होते, फौजा घेऊन उत्तरेकडच्या राज्यांना धाक घातला होता, त्याला लूच्या लेखनिकाने एका अक्षरात त्याची ‘जागा’ दाखवली.

कांस्यावर राजा आणि बांबूच्या पट्टीवर त्झू. हे पुस्तक या दोन नोंदींमधल्या अंतराविषयी आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. इ.स.पू. १०४६ च्या सुमारास चौ घराण्याने शांग घराण्याचा पराभव केला. जिंकलेला मुलूख अवाढव्य होता, आणि तो राखायला रस्ते, टपाल, पगारी नोकरशाही यांपैकी काही नव्हते. चौ राजांनी भाऊबंद, जावई, सेनापती आणि शरण आलेले जुने राजे यांना ठिकठिकाणी बसवून दिले. जमीन, माणसे, रथ, धनुष्यबाण आणि पूजेचे मद्य देऊन त्यांची पाठवणी होई. त्यांनी राजाला खंडणी द्यायची, लढाईला यायचे आणि पूर्वजांच्या पूजेत आपापल्या पायरीवर उभे राहायचे. पुढे इ.स.पू. ७७१ मध्ये पश्चिमेकडची राजधानी शत्रूच्या हाती पडली, राजा मारला गेला आणि दरबार पूर्वेला, आजच्या लुओयांगच्या परिसरात आला. राजाकडे मान राहिला, फौज उरली नाही. मांडलिक मोठे झाले आणि एकमेकांत लढू लागले. पदव्यांना खरी धार चढली ती याच काळात. सत्ता एकाच्या हाती आणि पदवी देण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती असला, की पदवीचे मोल वाढते.

पाच पदव्या अशा सांगतात: कुंग, हौ, पो, त्झू, नान. इंग्रजी भाषांतरकारांनी त्यांना ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन असे युरोपी पोशाख चढवले आणि तेच जगभर रूढ झाले. १८७२ साली जेम्स लेग यांनी लूच्या दप्तराचे जे मोठे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्यामुळे ही सवय पक्की झाली. मराठीत लिहिताना मला प्रश्न पडला, की आपण काय म्हणावे? ‘सरंजामदार’ जवळचा वाटतो. पण सरंजाम हा फौज पोसण्यासाठी दिलेला मुलूख, आणि चौ काळातल्या अनुदानात पूर्वजांच्या पूजेला जे स्थान आहे ते त्या शब्दात येत नाही. ‘मांडलिक’ चालतो, पण सगळेच मांडलिक म्हटले तर पायऱ्या दिसेनाशा होतात. म्हणून मूळ पदव्या तशाच ठेवल्या आहेत. त्यांतल्या ‘त्झू’ची मराठी वाचकाशी जुनी ओळख आहे. लाओत्झू, सुनत्झू या नावांतले शेवटचे अक्षर हेच. त्याचा मूळ अर्थ मूल, मुलगा. आदराने म्हटले की गुरुजी. आणि पदवी म्हणून लिहिले की खालून दुसरी पायरी. एकाच अक्षरात लेकरू, गुरू आणि दुय्यम सरदार असे तिघे बसतात, हे लक्षात ठेवले तर पुढचे पुष्कळ सोपे होईल.

आता दप्तराकडे वळू. लू राज्याच्या या वार्षिक नोंदींना छुनछ्यू म्हणतात. छुन म्हणजे वसंत, छ्यू म्हणजे शरद. दोन ऋतूंवरून सबंध वर्षाला नाव. इ.स.पू. ७२२ ते ४८१ अशा २४२ वर्षांच्या आणि बारा अधिपतींच्या कारकिर्दीच्या या नोंदी आहेत. विचारवंत मेन्शियस सांगतो, की जिन आणि छू या राज्यांचीही अशी आपापली दप्तरे होती. नावे वेगळी, प्रकार एकच. त्यातले लूचे टिकले, कारण कन्फ्यूशियस लूचा. त्यानेच या नोंदी तपासून, छाटून शेवटचा हात फिरवला, अशी परंपरेची श्रद्धा आहे.

हे दप्तर बखरीसारखे वाचायला घेतले तर पदरी निराशा येईल. बखरीत माणसे बोलतात, स्वप्ने पडतात, घोडे उधळतात. छुनछ्यूत त्यातले काही नाही. आपल्याकडची तुलनाच करायची तर ती जेधे शकावलीशी करावी: तिथी, घटना, पुढची तिथी. अमक्याने तमक्यावर चाल केली, अमका वारला, तट बांधला, टोळ आले. एखाद्या ऋतूत नोंदण्याजोगे काही घडले नाही, तर ‘शरद, सातवा महिना’ एवढेच लिहून लेखनिक पुढे जातो. काही घडले नाही, हेसुद्धा तो विसरत नाही. सूर्यग्रहणांच्या सदतीस नोंदी यात आहेत आणि आधुनिक खगोलगणिताशी त्यातल्या बहुतेक जुळतात. पहिली इ.स.पू. ७२० ची.

या कोरड्या दप्तरावर दोन हजार वर्षे भाष्ये लिहिली गेली, ती त्यातल्या काटेकोरपणामुळे. इ.स.पू. ६४४ च्या एका नोंदीत सुंग राज्यात आकाशातून पाच दगड पडल्याचे आणि त्याच राज्याच्या राजधानीवरून सहा पाणपक्षी उलटे उडत गेल्याचे लिहिले आहे. दगडांच्या वाक्यात आकडा शेवटी येतो, पक्ष्यांच्या वाक्यात सुरुवातीला. कुंगयांग नावाच्या भाष्याने यावर बोट ठेवले. आधी काही पडल्याचा आवाज ऐकू आला, जाऊन पाहिले तर दगड, मोजले तर पाच. पक्ष्यांचे उलट: वर पाहिले तर सहा काहीतरी, निरखले तर पक्षी, आणखी न्याहाळले तर ते मागे मागे चाललेले. शब्दांचा क्रम म्हणजे पाहणाऱ्याच्या नजरेचा क्रम. दगडांच्या बाबतीत जो माणूस इतका जागरूक, तो माणसांच्या पदव्या उगाच लिहील काय, असा भाष्यकारांचा सवाल होता.

म्हणून ते पदव्यांकडे भिंगातून पाहू लागले. छूचेच घ्या. जुन्या नोंदींत ते राज्य नुसते ‘चिंग’ आहे, म्हणजे एक काटेरी झुडूप. मग ‘छूची माणसे’ येतात. बऱ्याच वर्षांनी ‘छूचा त्झू’ उगवतो. झुडपापासून त्झूपर्यंतची बढती त्याला लेखनिकाने दिली. वांग मात्र कधीच म्हटले नाही. उलटीही उदाहरणे आहेत. छी नावाच्या एका लहान राज्याचा अधिपती इतर ठिकाणी हौ किंवा पो म्हणून येतो, पण इ.स.पू. ६३७ मध्ये वारला तेव्हा त्झू झाला. भाष्य कारण देते, की त्याने रानटी लोकांच्या रीती उचलल्या होत्या. म्हणजे पदवी जन्माने मिळाली तरी वागणुकीने घसरू शकत होती, निदान कागदावर.

मरणातही पायऱ्या होत्या. मराठीत वारले, निवर्तले, कैलासवासी झाले यांतला फरक आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. छुनछ्यूतही तसेच आहे. चौ राजाच्या मृत्यूला जे क्रियापद, त्याचा अर्थ डोंगर कोसळणे. लूच्या स्वतःच्या अधिपतीला दुसरे, परराज्याच्या अधिपतीला तिसरे आणि साधे. अंत्यविधीच्या नोंदीत मात्र उदारपणा दिसतो: जिवंतपणी हौ, पो किंवा नान असलेला अधिपती पुरताना कुंग होतो. श्यू हे अगदी छोटे राज्य, त्याचा अधिपती नान, म्हणजे तळाची पायरी. इ.स.पू. ६५६ मध्ये तो मोहिमेत वारला आणि पुरला गेला तो ‘श्यूचा मू कुंग’ म्हणून. मग छूच्या राजांचे काय? त्यांच्या मृत्यूची नोंद आहे, अंत्यविधीची एकही नाही. कुंगयांग भाष्य याचे कारण सांगते, की अंत्यविधी लिहायचा तर त्यांनी स्वतः घेतलेली राजपदवी लिहावी लागली असती. ती टाळण्यासाठी लेखनिकाने थडगेच गाळले.

हे सारे पोरखेळासारखे वाटेल. ज्यांच्याविषयी लिहिले जात होते, त्यांना मात्र ते तसे वाटत नव्हते. इ.स.पू. ६०७ मध्ये जिन राज्याचा क्रूर अधिपती मारला गेला. मारणारा प्रधान चाओ तुन याचा भाऊबंद. प्रधान स्वतः तेव्हा जिवाच्या भीतीने पळत होता. तो परतल्यावर राजलेखनिक तुंग हू याने पट्टीवर लिहिले, की चाओ तुनने आपल्या धन्याची हत्या केली, आणि ती पट्टी भर दरबारात दाखवली. प्रधान म्हणाला, मी नाही केली. तुंग हूचे उत्तर असे होते: तुम्ही मुख्य प्रधान, पळालात पण सीमा ओलांडली नाहीत, परतलात पण खुन्याला शासन केले नाहीत, मग दुसऱ्या कोणाचे नाव लिहू? प्रधानाने ते मान्य केले.

इ.स.पू. ५४८ मध्ये वरच्या लहान छीहून वेगळ्या, मोठ्या छी राज्यात इतके सुरळीत पार पडले नाही. तिथे छुई चू या मातब्बर सरदाराने अधिपतीला ठार केले. लेखनिकाने तसे लिहिले. छुई चूने त्याला मारले. त्याच्या भावाने लिहिले, तोही गेला. आणखी एका भावाने लिहिले, त्याचाही तोच शेवट झाला. उरलेल्या धाकट्याने पुन्हा तेच लिहिले, तेव्हा छुई चूने हात आवरला. दक्षिणेकडचा एक लेखनिक, सगळे मेले असे ऐकून, हातात पट्ट्या घेऊन निघाला होता. नोंद झाल्याचे वाटेत कळले आणि तो माघारी फिरला. या माणसांचा आग्रह एका क्रियापदासाठी होता. चिनीत मारण्याला साधा शब्द आहे, आणि खालच्याने वरच्याला मारण्याला वेगळा. दुसरा वापरला, की घटना उरत नाही, गुन्हा उभा राहतो. पदव्यांची उतरंड नसती, तर ते क्रियापदच जन्मले नसते.

पण या लेखनिकांची पूजा बांधण्यापूर्वी त्यांचे मौनही पाहावे. लूच्या दप्तरात इ.स.पू. ७१२ च्या हिवाळ्यात अधिपती यीन वारल्याची नोंद आहे. तो वारला नव्हता. त्याचा खून झाला होता, आणि त्याचा फायदा गादीवर आलेल्या धाकट्या भावाला मिळाला. परक्याच्या घरचा खून ठणकावून सांगणारे दप्तर स्वतःच्या घरचा झाकते. दुसरे उदाहरण आणखी बोलके आहे. इ.स.पू. ६३२ मध्ये छूचा पराभव करून जिनचा वेन कुंग सर्वांत बलवान झाला आणि त्याने चौ राजालाच बोलावणे धाडले. मांडलिकाने राजाला हजर व्हायला लावले! छुनछ्यूत लिहिले आहे, की राजा हयांग येथे शिकारीला गेला होता. त्स्वोच्वान या भाष्यग्रंथानेच खरा प्रकार उघड केला आणि कारणही सांगितले: चाकराने धन्याला बोलावणे हा धडा कोणी गिरवू नये. म्हणजे दप्तर जग कसे आहे ते लिहीत नव्हते, कसे असावे ते लिहीत होते. आणि ‘आहे’ जाणून घ्यायला भाष्य हाताशी ठेवावे लागते.

इथे एक अवघड प्रश्न येतो. ‘असावे’ असे ज्याला म्हणतो, ती पाच पायऱ्यांची शिडी कधीकाळी खरोखर होती का? मेन्शियसलाच कोणीतरी विचारले होते. त्याने सांगितले, की तपशील आता कळणे शक्य नाही, कारण मांडलिकांना ते गैरसोयीचे होते म्हणून त्यांनी कागदपत्रे नष्ट केली. मग त्याने ऐकीव यादी दिली, तिच्यातही पायऱ्या पाचच. पण पहिली पायरी खुद्द सम्राटाची, आणि त्झू व नान मिळून एक. इतर ग्रंथांतली पाच आणि मेन्शियसची पाच यांचा मेळ बसत नाही. विसाव्या शतकात फू सिन्येन आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनी कांस्यपात्रांवरचे जुने लेख वाचून दाखवले, की पश्चिम चौ काळात, म्हणजे इ.स.पू. ७७१ पूर्वी, या पदव्या एका शिडीच्या पायऱ्या नव्हत्याच. हौ म्हणजे सीमेवर नेमलेला. कुंग हा दरबारातल्या अतिवरिष्ठांचा मान. आणि पो म्हणजे चक्क थोरला. भावांची क्रमवारी पो, चुंग, शू, ची अशी होती. कन्फ्यूशियसच्या चुंग-नी या नावातला चुंग हाच, म्हणजे दुसरा मुलगा. देवासच्या पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती ठाऊक असलेल्या मराठी माणसाला ‘पो’ चटकन समजेल: ते घरातले नाते होते, पुढे त्याचा हुद्दा झाला.

१९५४ मध्ये च्यांगसू प्रांतातल्या तानतू इथे एक कांस्यपात्र सापडले. चौ राजाने एका हौला एका जागेवरून उचलून ‘यी’ या जागी बसवले आणि मद्य, धनुष्यबाण, जमीन, माणसे दिली, असे त्यावरचा लेख सांगतो. पदवी तीच राहिली, जागा बदलली. आपल्याकडच्या बदलीच्या हुकमासारखाच हा मजकूर आहे. शिडी नीटनेटकी झाली ती नंतर, बहुधा दप्तर लिहिणाऱ्यांच्या आणि त्यावर भाष्य करणाऱ्यांच्या हातून. राजाची सत्ता जसजशी ढासळली, तसतशी कागदावरची उतरंड रेखीव होत गेली.

ही उतरंड मेल्यावरही पाठ सोडत नसे. अधिपती गेल्यावर त्याच्या कारकिर्दीचा निकाल सांगणारे एक अक्षर त्याला चिकटवले जाई: विद्यासंपन्न, पराक्रमी, क्रूर, बेबंद. इ.स.पू. ६२६ मध्ये छूच्या राजाला त्याच्याच मुलाने वाड्यात कोंडले. मरण्यापूर्वी अस्वलाचे पंजे शिजवून खाऊ द्या, असे त्याने मागितले. पंजे शिजायला फार वेळ लागतो, तेवढ्यात मदत येईल हा डाव. मुलाने नकार दिला आणि राजाने गळफास घेतला. मग त्याला ‘लिंग’, म्हणजे बेबंद, असे नाव ठरले, तर प्रेताचे डोळे मिटेनात. ‘छंग’, म्हणजे कर्तृत्ववान, असे बदलल्यावर मिटले. ही कथा त्स्वोच्वानमध्ये आहे. डोळ्यांचे खरेखोटे कोणी करू नये. पण एका अक्षरासाठी मेलेला माणूसही अडून बसतो, असे त्या समाजाला वाटत होते, हे खरे.

पुढची गोष्ट भाववाढीची आहे. इ.स.पू. ४०३ मध्ये चौ राजाने जिन राज्य वाटून घेतलेल्या तीन सरदारांना हौ म्हणून मान्यता दिली. इतिहासकार सिमा क्वांगने इ.स. १०८४ मध्ये पुरा केलेला आपला प्रचंड इतिहास नेमका याच घटनेपासून सुरू केला, कारण बंडखोरांना पदवी देऊन राजाने स्वतःचा पाया स्वतःच खणला, असे त्याचे मत. इ.स.पू. ३३४ मध्ये त्या तिघांतले वेई आणि मोठे छी या राज्यांनी एकमेकांना राजा म्हणून मान्य केले. पाठोपाठ जो तो राजा झाला. राजेच राजे झाल्यावर, इ.स.पू. २८८ मध्ये छिन आणि छी या राज्यांनी देवांसाठी राखलेले ‘ती’ हे बिरुद घेतले आणि थोड्याच दिवसांत टाकले. अखेर इ.स.पू. २२१ मध्ये उरलेली सहाही राज्ये गिळून छिनच्या राजाने ‘ह्वांगती’ हे नवे बिरुद घडवले.

त्याच वर्षी त्याने दुसरी एक आज्ञा काढली. तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही, आणि या पुस्तकाचा शेवट तिथेच होतो. मरणोत्तर नावे बंद, कारण मुलाने बापाचा आणि चाकराने धन्याचा निवाडा करणे गैर. आपण पहिला, पुढचे दुसरा, तिसरा, दहा हजाराव्यापर्यंत. आठ वर्षांनी, इ.स.पू. २१३ मध्ये, छिनखेरीज इतर सर्व राज्यांची दप्तरे जाळण्याचा हुकूम निघाला. म्हणून आज जिन, छी, छूच्या दप्तरांची मुख्यतः नावे आणि इतर ग्रंथांत आलेले तुकडेच उरले आहेत. वेईची एक शकावली थडग्यात पुरलेली होती म्हणून वाचली. इ.स.च्या तिसऱ्या शतकात दरोडेखोरांना सापडली, तेव्हा अंधारात उजेडासाठी त्यांनी तिच्या काही पट्ट्या पेटवल्या. आणि १९७५ मध्ये हुबेईतल्या युनमंग इथे शी नावाच्या एका साध्या छिन कारकुनाच्या थडग्यात त्रेपन्न पट्ट्यांची एक शकावली निघाली: राजाच्या लढाया आणि त्याखालीच स्वतःचा जन्म, नोकऱ्या, घरातली जन्ममरणे. दप्तर लिहिण्याची खोड एव्हाना कारकुनाच्या घरापर्यंत पोहोचली होती.

दहा हजारांची मोजदाद दोनावर थांबली. दुसऱ्या ह्वांगतीनंतर गादीवर आलेल्या त्झू यिंगला ते बिरुदही मिळाले नाही; सहा राज्ये पुन्हा उठली होती, म्हणून त्याला नुसते ‘छिनचा वांग’ म्हणायचे ठरले. त्याने सेहेचाळीस दिवस राज्य केले. नंतरच्या हान घराण्याने मरणोत्तर नावे पुन्हा चालू केली. आणि पहिल्या ह्वांगतीची ती बंदीची आज्ञा आपल्याला माहीत आहे, ती सिमा छ्येन नावाच्या हानच्या राजलेखनिकाने कारणांसकट लिहून ठेवली म्हणून.